थांबणारा खलनायक

त्या जपानी मालिकेचं नाव करारामुळे मला सांगता येत नाही, आणि सांगितलं तरी तुमचं काही अडणार नाही. तशा मालिका पैशाला पासरी मिळतात. हाताने काढलेल्या चित्रांची, मारामारीची, एकूण बारा भाग. तांबड्या केसांचा एक पोरगा असतो, त्याच्या आईला कोणीतरी मारलेलं असतं, आणि काळ्या झग्यातला एक माणूस जग बुडवायला निघालेला असतो. दर भागात तांबड्या केसांचा आधी मार खातो, मग त्याला आई आठवते, मग डोळे पेटतात, मग तो आपल्या वाराचं लांबलचक नाव ओरडतो आणि आभाळ फुटतं. पुढच्या भागात हेच सगळं दुसऱ्या डोंगरावर. मी त्या मालिकेचे मराठी संवाद लिहीत होते. 'हे अशक्य आहे!' हे वाक्य पहिल्या सहा भागांत मी एकतीस वेळा लिहिलं. मूळ लिहिणाऱ्याला लाज वाटली नाही, मग मला कशाला वाटावी?

पण चित्रं! ती कोणी काढली देव जाणे. समुद्र उलटा होऊन आभाळाला टेकायचा आणि त्यातून मासे एकेक करून गळायचे, पेटलेले, मुकाट. तलवारीला तलवार लागली की ठिणग्यांचं अख्खं झाड उभं राहायचं. त्याची पानं सावकाश खाली येत राहायची आणि जमिनीवर येईपर्यंत प्रत्येक पानाचा रंग तीनदा बदलायचा. मी पुष्कळदा आवाज बंद करून नुसती बघत बसायचे. आवाज बंद केला की मालिका एकदम शहाणी व्हायची.

आम्ही तेरखेड्याचे. हायवेला लागून फटाक्यांची दुकानं आणि गावाबाहेर माळावर एकमेकींपासून लांब लांब बांधलेल्या शेडी, असं आमचं गाव. माझे वडील बलभीम, त्यांना मी अण्णा म्हणते, जत्रांमध्ये शोभेचं दारूकाम करायचे. आभाळात फुटणारे गोळे, नळे, फिरती चक्रं. सोनारीपासून पार लातूरच्या बाजूपर्यंत त्यांचं नाव होतं. चाळीस वर्षं आवाजाच्या शेजारी उभं राहिल्यावर कान किती टिकणार? सहा वर्षांपूर्वी दोन्ही गेले. कानाचं मशीन आणलं होतं, ते आईच्या कपाटात सुखात पडून आहे. कान गेले तसं काम गेलं, काम गेलं तसं बोलणं गेलं. अण्णा दिवसभर ओसरीवर बसून हायवेकडे बघायचे. मी वहीत लिहून विचारायचे, त्यांनी 'हं' म्हणायचं, संपलं. घरात माणूस आहे आणि नाहीही, याचा त्रास ज्याच्या घरात आहे त्यालाच कळतो. मला त्यांची दया यायची आणि त्याहून जास्त राग यायचा.

फेब्रुवारीतली दुपार होती. आई अंगणवाडीत गेलेली. पडद्यावर उजेड पडू नये म्हणून मी खिडकीला गोधडी लावून, लॅपटॉपची वायर टीव्हीला जोडून काम करत होते. दार ढकलून अण्णा आत आले. बहुधा पाणी मागायला आले असावेत. पडद्यावर झगेवाल्याने हात वर केला होता आणि त्याच्या बोटांतून निळ्या आगीची फुलं निघत होती, एकातून एक, आभाळ भरेपर्यंत. अण्णा दारातच थांबले. निळा उजेड त्यांच्या कपाळावरून खाली उतरत गेला.

"निळा," ते म्हणाले. "निळा कसा धरून ठिवलाय बघ. पांढरा पडू दिला न्हाय."

किती महिन्यांनी मी त्यांच्या तोंडून एवढे शब्द ऐकले, ते मला आठवेना. दारूकामात निळा सगळ्यात अवघड, एवढं मलाही माहीत होतं. जाळ जरा वाढला की तो पांढरा पडतो, जरा कमी झाला की जांभळा. अण्णांनी आयुष्यात चार-पाच वेळाच मनासारखा निळा काढला होता. ते येऊन माझ्या शेजारी सतरंजीवर बसले ते भाग संपेपर्यंत हलले नाहीत.

त्यानंतर रोज दीड वाजता अण्णा पाण्याचा तांब्या घेऊन हजर. तांबड्या केसांच्या पोराचं नाव त्यांनी 'तांबड्या' ठेवलं आणि झगेवाल्याचं 'झगेबुवा'. मी एकेक तुकडा थांबवून काम करायचे. आमच्या कामात चित्रातलं तोंड किती वेळा उघडतं ते मोजायचं आणि तेवढ्यात बसेल असं वाक्य करायचं. अण्णा विचारायचे, "काय बोलायलाय त्यो?" मी वहीत लिहायचे. 'आता माझी खरी ताकद बघ.' अण्णा वाचून म्हणायचे, "काल बी ह्येच म्हनला." मी हसायचे. दुपारचं ऊन पत्र्यावर वाजायचं, गोधडीच्या भोकांतून उजेडाच्या काड्या आत यायच्या, आणि आम्ही दोघं त्या रंगांच्या तळाशी बसलेलो असायचो. संध्याकाळी आई आली की डोळे चोळत बाहेर यायचं, तर अंगणातली तुळस आणि मोटारसायकल उगीचच खोटी वाटायची.

तिसऱ्या भागात मी वहीत एक चेष्टा लिहिली. अशा मालिकांत एक ठरलेली गंमत असते. तांबड्या आपली ताकद गोळा करत दोन-दोन मिनिटं उभा असतो, अंगाभोवती ज्वाळा फिरत असतात, आणि तेवढा वेळ झगेबुवा समोर नुसता उभा. हात मागे, मान वर. साऱ्या जगात लोक यावर हसतात. मी लिहिलं, 'हा किती मूर्ख आहे बघा. आताच मारून मोकळं व्हायचं सोडून बघत उभा आहे.'

अण्णांनी वही वाचली आणि माझ्याकडे असं बघितलं की मी लहान झाले.

"मूर्ख न्हाय त्यो. दस्तूर पाळायलाय."

मग ते बोलत राहिले. बहिरा माणूस बोलतो तसं, मध्येच मोठ्याने, मध्येच पुटपुटत. जत्रेत दोन गावचे दारूवाले समोरासमोर उभे राहायचे. एकाने गोळा सोडायचा. दुसऱ्याने हात मागे घेऊन बघायचं. पहिल्याच्या गोळ्याची शेवटची ठिणगी खाली येऊन विझली की मगच दुसऱ्याने आपली बत्ती लावायची, त्याआधी नाही. का, तर तोवर पहिल्याची माणसं मैदानात असतात, गोळे सोडायच्या नळ्यांना हात लावून बघत असतात.

"आन् दुसरं आसं," अण्णा म्हणाले, "समोरच्यानं येवढं राबून केलेलं आसतंय. त्ये पुरतं बघून घ्यावं, मग आपलं दाखवावं. ह्या झगेबुवाला कळतंय त्ये. मानूस वाईट आसंल, पर कारागीर हाय."

त्या दिवसापासून मला तो खलनायक वेगळा दिसायला लागला. त्याच्या उभं राहण्यात खरंच एक अदब होती. लिहिणाऱ्यांनी ती घातली नव्हती, अण्णांनी घातली होती.

गडबड चौथ्या भागात झाली. त्या भागात चित्रकारांनी काम वाचवलं होतं. जुनीच चित्रं फिरवून वापरली होती आणि मधले काही क्षण कापले होते. मला ते रोजच्या सवयीने लक्षात आलं होतं, पण त्यात काही मोठं वाटलं नव्हतं. झगेबुवाच्या जांभळ्या ठिणग्या अजून समुद्रावर उतरत होत्या आणि तांबड्याने वार केला. झगेबुवाचा उजवा हात खांद्यापासून तुटून पाण्यात पडला. किनाऱ्यावरच्या लोकांनी जयजयकार केला.

अण्णा उठून उभे राहिले.

"मागं घे."

मी मागे घेतलं. त्यांनी पडद्याजवळ जाऊन बोट लावलं. "ही बघ ठिणगी. हितं हाय आजून, वरच हाय. आन् ह्यानं बत्ती लावली." तीन वेळा त्यांनी मला ते बघायला लावलं. खाली बसले तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. म्हणाले, "आता ह्याला माफी मागावी लागंल. त्येच्याबिगर गोष्ट सरायची न्हाय."

इथे मला एक सांगायला पाहिजे. बाराही भाग माझ्याकडे आधीच आले होते आणि मी शेवटचा बघून ठेवला होता. त्यात माफी वगैरे काही नव्हतं. तांबड्या झगेबुवाला जाळून टाकतो, त्याच्या राखेवर पाय देऊन 'विजय माझाच आहे' म्हणतो, सूर्य उगवतो, गाणं लागतं. हात तुटलेलाच राहिला, पण तो कसा तोडला ते मालिका पुढच्याच भागात विसरून गेली होती.

पाचव्या भागाला अण्णांनी विचारलं, "मागितली का माफी?" मी नकारार्थी मान हलवली. सहाव्याला विचारलं. सातव्याला विचारलं तेव्हा त्यांच्या आवाजात असं काही होतं की मला नाही म्हणवेना. तांबड्या डोंगरकड्यावर एकटा बसला होता. मूळ वाक्य होतं, 'मी अजून बलवान झालो पाहिजे.' मी वहीत लिहिलं, 'त्या दिवसापासून मला झोप येत नाही.' अण्णांनी ते वाचलं, वही मांडीवर ठेवली आणि कितीतरी वेळ त्या ओळीवर अंगठा फिरवत राहिले.

मग मी सुटलेच. पुण्याच्या डबिंग कंपनीला पाठवायच्या फाइलीत मूळ वाक्यं जशीच्या तशी, आणि अण्णांच्या वहीत माझी. तांबड्या वहीत शहाणा होत चालला. त्याला समुद्रात पडलेला हात स्वप्नात दिसायचा. लोकांनी जयजयकार केला की त्याला कान झाकून घ्यावेसे वाटायचे. मी तोंडाची उघडझाप मोजून, नेमकी बसतील अशीच वाक्यं करत होते, कारण कान गेल्यापासून अण्णा माणसाच्या ओठांकडे फार बघतात. खरं सांगते, इतकं चांगलं मी पुण्याच्या कामासाठी कधी लिहिलं नाही.

नवव्या भागात सगळं पडद्यावर पांढरं होतं. बर्फ पडत होता, आणि बर्फातून सोनेरी ठिणग्या वर जात होत्या, खालून वर, हळूहळू. दोन-तीन मिनिटं कोणी काही बोलतच नव्हतं. अण्णा पडद्याकडे बघतच म्हणाले, "गौरीशंकरचा गोळा आसाच सोनेरी हुता."

गौरीशंकरकाका मला आठवत होते. ते अण्णांचे दोस्त, स्वतः दारूवाले. आमच्या घरी यायचे तेव्हा माझ्यासाठी खिशात चिंचेच्या गोळ्या असायच्या. मग कधीतरी यायचे बंद झाले. त्यांच्या गावच्या जत्रेत त्यांच्या हाताला इजा झाली, एवढं ऐकून होते.

"म्या त्येची ठिणगी खाली येऊ दिली न्हाय," अण्णा म्हणाले.

त्या जत्रेच्या संध्याकाळी मीही तिथे होते. नऊ वर्षांची, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, आईच्या शालीत. मला सोनेरी पाऊस आठवतो. त्यातून वर घुसलेला आणि मग आडवा पसरलेला अण्णांचा निळा आठवतो. इतका सुंदर निळा मी पुन्हा पाहिला नाही. माझ्याकडे त्या संध्याकाळची फक्त चित्रं होती, गोष्ट अठरा वर्षांनी मिळत होती.

गोष्ट साधी होती. गौरीशंकरकाकांचा सोनेरी गोळा इतका छान फुटला की सगळं मैदान उसासलं. अण्णांना वाटलं, आता आपण हरलो. लोकांच्या डोळ्यांतलं ते सोनं पुसून टाकायची त्यांना घाई झाली. ठिणग्या वर असतानाच त्यांनी बत्ती लावली. घाईत नळी जमिनीत नीट ठोकलेली नव्हती. ती कलली आणि गोळा काकांच्या नळ्यांवर जाऊन फुटला. काका तेव्हा तिथे वाकून दुसरी नळी बघत होते. त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. अंधारात, धुरात कोणाला काय दिसणार? लोक म्हणाले, गौरीशंकरनेच घाई केली, त्याचाच गोळा त्याच्या हातात उडाला. अण्णांना फेटा बांधला. अण्णांनी तो बांधून घेतला.

"आन् तेवापासनं त्या गावात म्हनत्यात," अण्णा म्हणाले, "कुनी गडबड केली का म्हनत्यात, गौऱ्याची घाई करू नगंस. ल्हानी ल्हानी लेकरं म्हनत्यात. त्येला कुठल्या जत्रंला बोलावलं न्हाय परत."

मी वहीत लिहिलं, 'तुम्ही सांगितलं का नाही?'

त्यांनी ते वाचलं आणि वही मिटून ठेवली. पडद्यावर बर्फ पडतच होता.

त्यानंतरचे तीन दिवस मी अण्णांवर इतकी चिडले होते की त्यांच्याकडे बघावंसं वाटेना. माझ्या बापाने एका माणसाचं नाव खाल्लं होतं, आणि मी रोज दुपारी त्याला एका चित्रातल्या पोराच्या तोंडून आयता पश्चात्ताप भरवत होते. दहावा भाग मी कोरडा, मूळ वाक्यांनीच दाखवला, अकरावाही. त्यांनी विचारलं, "मागितली का?" मी लिहिलं, 'अजून नाही.' पण त्या कोरड्या दोन दिवसांत ते जेवले नाहीत नीट, आणि माझा राग कुठे ठेवावा ते मला कळेना झालं. ते बाराव्या भागाची अशी वाट बघत होते, जणू त्यावर त्यांचं काही ठरायचं होतं. तांबड्याने मागितली तर आपल्यालाही मागता येईल. नाही मागितली तर मग कोणीच मागत नाही, असंच असतं.

बाराव्या भागाच्या दिवशी मी सकाळीच बसून तांबड्याचं शेवटचं वाक्य केलं. 'विजय माझाच आहे' म्हणताना तांबड्याचं तोंड सहा वेळा उघडतं. अण्णांच्या शब्दांत सहा वेळा उघडणारं दुसरं वाक्य मला फार शोधावं लागलं नाही.

शेवटचा भाग दिसायला अप्रतिम होता, हे कबूल करते. आभाळाला तडे गेले आणि प्रत्येक तड्यातून वेगळा रंग वाहायला लागला. सगळे रंग एकमेकांत न मिसळता शेजारी शेजारी वाहत होते. झगेबुवा एका हाताने शेवटचा वार करून उभा राहिला. पुन्हा वाट बघत, मान वर. तांबड्याने जाळ सोडला. मग राख. मग तांबड्याचा चेहरा मोठा झाला, सगळ्या पडद्याएवढा, आणि ओठ हलले. मी वही पुढे केली.

'कसूर माझा होता.'

अण्णांनी वही बघितली. पडद्याकडे बघितलं. गाणं लागलं असणार, सूर्य उगवत होता. त्यांनी उजेडाच्या काड्यांमधून उठून खिडकीवरची गोधडी काढली आणि घडी करून ठेवली. नीट, कडा जुळवून. मग आतून धुतलेला सदरा घालून आले.

"गाडी काढ," म्हणाले. "गौरीशंकरकडं जाऊ."

काकांचं गाव आमच्यापासून बारा-तेरा किलोमीटर, माळ उतरून गेलं की. स्कूटीवर अण्णा मागे बसले होते, माझ्या खांद्यावर हात ठेवून. ज्वारीची काढणी चालली होती. कापलेली ताटं रानात आडवी पडली होती आणि पलीकडच्या डोंगरावर पवनचक्क्या इतक्या हळू फिरत होत्या की बघता बघता झोप यावी. इतक्या दिवसांच्या रंगांनंतर ते फिकट पिवळं रान बघून मला वाटत होतं, आपण अजून कुठल्यातरी भागातच आहोत, फक्त हा काढताना चित्रकाराने रंग जपून वापरलेत. खांद्यावरचा हात मात्र जड होता. ओढ्याच्या उतारावर अण्णा काहीतरी पुटपुटले. नीट लक्ष दिलं तेव्हा कळलं की ते तेच तीन शब्द घोकत होते.

गौरीशंकरकाकांनी घराच्या पुढच्या खोलीत किराण्याचं दुकान टाकलं होतं. एका बाईला साखर बांधून देत होते. दोन बोटांनी ते पुडीला दोरा गुंडाळायचे, इतक्या सफाईने की बघत राहावं. केस पांढरे झालेले, कपाळाला भस्म. अण्णांना बघून त्यांचा हात थांबला नाही. पुडी पुरी बांधली, बाईला दिली, ती गेली. मग बघितलं.

अण्णा ओट्याखालीच उभे होते, हात मागे.

"तुजी ठिणगी खाली आली न्हवती," ते म्हणाले. आवाज नको तेवढा मोठा लागला होता. "म्या बत्ती लावली. कसूर माझा हुता."

तराजूचं पारडं हलत होतं, ते काकांनी हाताने थांबवलं. मग अण्णांकडे बघतच ते माझ्याशी बोलले, शांतपणे, कोणाला हिशोब समजावून सांगावा तसं.

"मला म्हाईत हाय. तवाच दिसलं हुतं. बोटं गेली त्ये मी कवाच इसरलो. पर आठरा वर्षं माज्या नावानं लोकं पोरास्नी दटावत्यात. माजी नात साळंतनं रडत आली हुती, आज्जा तुमी काय केलतं म्हनून. आन् ह्यो आता माज्या ओट्याखाली येऊन माज्या कानात सांगतोय. मला कशाला सांगायचं? मला म्हाईत हाय की. माफी बिफी न्हाय. गावाला सांग म्हनावं, मग बघू."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना एक अक्षर ऐकू गेलं नव्हतं. काकांच्या मिशा दाट होत्या, ओठही दिसत नव्हते. मी पर्समधून वही काढली.

मला काय काय लिहिता आलं असतं! इतके दिवस तेच तर करत होते. 'झालं गेलं विसरून जा.' 'आत ये, चहा घे.' म्हातारा माणूस धुतलेला सदरा घालून आला होता, दोन दिवस धड जेवला नव्हता, त्याला बरं वाटलं असतं, आणि तो ते घेऊन घरी गेला असता. काका माझ्या पेनाकडे बघत होते. मी जे ऐकलं ते लिहिलं. नातीचं लिहिलं. 'माफी नाही' हेही लिहिलं. उभ्याउभ्या लिहिल्यामुळे अक्षर घाण आलं.

अण्णांनी दोनदा वाचलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "ह्ये खरं लिवलंस."

त्यांनी वही माझ्या हातात परत दिली.

"तांबड्या आसं बोलनारा न्हाय, पोरी. त्येच्या तोंडावरच दिसायलं हुतं. तू लिवायचीस."

मला रडू आलं. मी ओठ नीट हलवून विचारलं, मग गप्प का बसलात?

"कुनीतरी बोलावं वाटायचं," अण्णा म्हणाले.

ते वळले आणि मारुतीच्या देवळाकडे चालायला लागले. मी वही घेऊन मागे. देवळातल्या माइकवरून गावात नळाला पाणी येणार असल्याचं, शेळी हरवल्याचं, लग्नाच्या पंगतीचं सगळं सांगतात. शांतलिंग नावाचा पुजाऱ्याचा भाऊ समई लावत होता. अण्णांनी त्याला नाव-गाव सांगितलं आणि माइक मागितला. त्याला वाटलं काही हरवलं असेल. त्याने बटण दाबून दिलं.

भोंग्यातून आधी नुसती शिट्टी वाजली, कानठळ्या बसवणारी. आम्ही सगळ्यांनी कान झाकले. अण्णांना काहीच कळलं नाही, त्यांनी तशीच सुरुवात केली. मी बलभीम, तेरखेड्याचा. आठरा वर्षांमागं ह्या गावच्या जत्रंत गौरीशंकरची ठिणगी खाली यायच्या आत म्या बत्ती लावली. माजा गोळा त्येच्यावर गेला. घाई म्या केली, गौरीशंकरनं न्हाय. फेटा म्या घेतला, त्यो त्येचा हुता. कसूर माझा हुता.

पारावरची माणसं उठून उभी राहिली. पिठाच्या गिरणीचा आवाज बंद झाला. बायका दारात आल्या. शांतलिंगच्या हातात काडी तशीच जळत होती, बोटाला चटका बसला तेव्हा त्याने टाकली.

अण्णा माइक धरून माझ्याकडे बघत होते. त्यांना कळायला दुसरा काही मार्गच नव्हता. "आवाज ग्येला का लांबपातूर?"

मी मान हलवली. गेला.

रस्त्याच्या त्या टोकाला गौरीशंकरकाका दुकानातून खाली उतरून उभे होते, अनवाणी. त्यांच्या मागून शाळेच्या गणवेशातली एक मुलगी येऊन त्यांना चिकटून उभी राहिली होती. काका हळूहळू चालत देवळापर्यंत आले. पायरीशी थांबले. डोळ्यांतलं पाणी पुसायचा प्रयत्नही केला नाही त्यांनी. अण्णांकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं.

"आजून एकदा सांग म्हनावं," काका म्हणाले. "ही आता आली. हिनं आयकलं न्हाय."

मी ते वहीत लिहून अण्णांना दाखवलं. अण्णांनी माइक तोंडाजवळ घेतला, त्या मुलीकडे बघितलं आणि आपल्या नावापासून पुन्हा सुरुवात केली.